स्लॉटला भाव, कामगाराला नोटीस

सुट्टीच्या पर्यटकांना भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर नेणारी मोनार्क ही विमान कंपनी १९६८ पासून इंग्लंडच्या ल्यूटन विमानतळावरून चालत होती. २ ऑक्टोबर २०१७ च्या पहाटे ती बंद पडली. परदेशात अडकलेल्या सुमारे १ लाख १० हजार प्रवाशांना सरकारने विमाने भाड्याने घेऊन घरी आणले. ते योग्यच झाले. पण त्याच दिवशी नोकरी गमावलेल्या १,८०० हून अधिक कामगारांचे काय?

कामगारांच्या हट्टामुळे कंपनी बुडाली, असे कोणी आम्हाला सांगू नये. २०१४ साली ग्रेबुल कॅपिटलने ९० टक्के मालकी घेतली, तेव्हा शेकडोंची छाटणी झाली आणि उरलेल्यांनी ३० टक्क्यांपर्यंत पगारकपात सोसली. त्यागाचे हे फळ!

नोव्हेंबर २०१७ मध्ये अपील न्यायालयाने बुडीत मोनार्कचा विमानतळावरील उड्डाणाच्या वेळांवरचा, म्हणजे स्लॉटवरचा, हक्क मान्य केला. गॅटविकचे स्लॉट विकले गेले. तारणधारक सावकारांच्या रांगेत खुद्द ग्रेबुल! थकीत पगाराला तिथल्या कायद्याने अग्रक्रम मिळतो तो माणशी फक्त ८०० पौंडांपर्यंत.

आपल्याकडे वेगळे काय घडले? २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. तिचे मुंबई-दिल्लीचे स्लॉट सरकारने इतर कंपन्यांना वाटले, कामगारांचे पगार मात्र थकलेलेच राहिले. स्लॉट न वापरल्यास हातचे जातात. ते वापरात ठेवतात वैमानिक, केबिन कर्मचारी, लोडर, मेकॅनिक. म्हणून बंद कंपनीचे स्लॉट घेणाऱ्यावर तिच्या कामगारांना सेवाज्येष्ठतेसह सामावून घेण्याचे कायदेशीर बंधन घाला, अशी आमची मागणी आहे.