ज्ञान घेणारे आणि ज्ञान देणारे

रविवारी सकाळी आपल्या निवासी शाळेच्या संगणक कक्षात मुले परदेशी विद्यापीठांचे पाठ पाहत बसलेली असतात, तेव्हा शिक्षक म्हणून आम्हांला आनंद होतो. आमच्या पिढीने वसतिगृहात एकेक पाठ्यपुस्तक चौघांत वाचले. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला एक प्रश्न विचारणे भाग आहे : हे ज्ञान येते कोठून आणि कोणाच्या निर्णयाने?

२०१२ या एकाच वर्षी स्टॅनफर्डच्या दोन प्राध्यापकांनी ‘कोर्सेरा’ सुरू केले, हार्वर्ड व एमआयटी यांनी मिळून ‘एडेक्स’ स्थापले आणि वर्षअखेरीस ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने ‘फ्यूचरलर्न’ची घोषणा केली. शिकणारे जगभर पसरले. शिकवणाऱ्या मोठ्या संस्था मात्र मुख्यतः मोजक्या श्रीमंत देशांत राहिल्या. नफ्यासाठी नाही म्हणून जन्मलेले एडेक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरना एका खासगी कंपनीला विकण्यात आले. त्या व्यवहारात जगभरच्या विद्यार्थ्यांना मत नव्हते.

आफ्रिकेचा अनुभव आणखी बोलका आहे. १९९७ मध्ये जागतिक बँकेने ‘आफ्रिकन व्हर्च्युअल युनिव्हर्सिटी’ सुरू केली. विद्यार्थी आफ्रिकेत, मुख्यालय वॉशिंग्टनला, आणि पाठ उपग्रहामार्फत परदेशी विद्यापीठांतून येणारे! २००२ मध्ये मुख्यालय नैरोबीला आले. पुढे आफ्रिकी प्राध्यापकांनीच गणित-विज्ञानाच्या शिक्षकांसाठी पाठ लिहिले. मात्र ते निघाले इंग्रजी, फ्रेंच व पोर्तुगीज या भाषांत. केंद्र हलले, लेखक बदलले. भाषेचा प्रश्न उरलाच.

भारताने २००३ पासून ‘एनपीटीईएल’ आणि २०१७ पासून ‘स्वयम्’ उभे केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु तेथेही बहुतांश पाठ इंग्रजीत आहेत. आमची नववीतील एक विद्यार्थिनी विज्ञानाचा पाठ दर वाक्याला थांबवून शब्दकोश पाहत होती. तोच विषय मराठीत विचारला, तेव्हा तिने फळ्यावर आकृती काढून समजावला. उणीव तिच्या बुद्धीत नव्हती.

कोणी म्हणेल, चांगला पाठ कोठूनही आला तरी चांगलाच. गणिताच्या सूत्रापुरते हे खरे आहे. पण इतिहास, कायदा, आरोग्य, शेती या विषयांतील उदाहरणे कोणाच्या जीवनातून घ्यायची, हे शिकवणाराच ठरवतो. शिवाय ज्या मुलाला आपल्या वस्तीतून आलेला, आपल्या भाषेत बोलणारा शिक्षक पडद्यावर कधीच दिसत नाही, त्याची समजूत होते की ज्ञान नेहमी दुसऱ्यांकडेच असते.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. ज्ञान जेथे होते तेथून त्यांनी ते घेतले. परंतु केवळ घेणारे राहिले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय त्यांनी उभे केले. ज्यांना ज्ञानाच्या केंद्रापर्यंत पोहोचता येत नव्हते, त्यांच्याजवळ त्यांनी केंद्र आणले.

म्हणून माजी विद्यार्थ्यांकडे आमचे एक मागणे आहे. आपल्यात आज अभियंते, परिचारिका, वकील, शेतकरी आहेत. प्रत्येकाने वर्षातून एक, पंधरा मिनिटांचा पाठ आपल्या विषयावर मराठीत ध्वनिचित्रमुद्रित करून द्यावा; पालकांच्या साध्या मोबाइलवर साठवता येईल एवढाच तो असावा. दहावीच्या इतिहासाचे पाठ आम्ही शिक्षक तयार करू. परदेशी पाठ आमची मुले पाहतीलच, अवश्य पाहावेत. मात्र त्या यादीत आपल्या शाळेचेही नाव असले पाहिजे.