गळ्यातलं, खिसा आणि सव्वातीनशे व्होल्ट

गेल्या वर्षी मार्चमध्ये मला विजेचा जोरदार झटका बसला. उजव्या हाताची बोटं बराच वेळ बधिर होती. मी जुन्या रेडिओच्या सामानातून घरच्या घरी हेडफोनचा अँप्लिफायर बनवत होते. प्लग काढलेला होता. तरीही झटका बसला, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिली होती आणि ती उतरवण्याची सोय मी केलेली नव्हती. चूक माझीच होती.

घरी, शेजारी, कामाच्या ठिकाणी, सगळीकडे एकच वाक्य ऐकलं: "कुणी सांगितले होते हे उद्योग?" माझा भाऊ आठवीत असताना त्यालाही असाच झटका बसला होता. तो किस्सा आमच्या घरी अजूनही पाहुण्यांना कौतुकानं सांगतात. पोराचं डोकं लहानपणापासून त्यातच होतं म्हणे. झटका दोघांनाही सारखाच बसला. त्याचा शिक्षणात जमा झाला आणि माझा आगाऊपणात. मैत्रिणींनो, या हिशेबाबद्दल मला बोलायचं आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. अँप्लिफायर म्हटलं की आमच्या अहमदपुरात मिरवणुकीतली डीजेची भिंत आठवते. मी बनवत होते तो एका माणसाच्या कानापुरता. ट्रान्झिस्टर येण्याआधी रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत आणि त्यांना चालायला दोन-तीनशे व्होल्टचा दाब लागे. पुढे नऊ व्होल्टच्या बॅटरीवर काम भागू लागलं, पण व्हॉल्व्हच्या आवाजाची गोडी असलेले हौशी लोक जगभर आजही असे अँप्लिफायर घरी बनवतात. काही हेडफोनमध्ये तर एक पातळ पडदा केवळ विजेच्या दाबानं हलतो. जपानच्या स्टॅक्स कंपनीनं असे हेडफोन १९६० मध्ये आणले आणि त्यांच्या आताच्या हेडफोनना ५८० व्होल्ट लागतात. आणखी एक गंमत. आधुनिक हेडफोन ज्यांच्या नावावर आहे त्या अमेरिकेतल्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास आपले हेडफोन बनवले ते स्वयंपाकघरात बसून. आपलं अख्खं आयुष्य स्वयंपाकघरात जातं, पण तिथलं टेबल अशा कामासाठी आपल्याला कुणी मोकळं करून दिलं आहे का?

मी यात पडले ती जात्यावरच्या ओव्यांमुळे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेडोपाडीच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या काहींचं ध्वनिमुद्रण १९९० च्या दशकात झालं आणि आता त्या इंटरनेटवर ऐकता येतात. आमच्या शिबिरांतून मी त्या मोबाइलवरून ऐकवत असे. शब्द कळायचे, पण बाईच्या आवाजाखाली जातं फिरत असतं, ती घरघर मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नव्हती. वडिलांचा बंद पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर होता. त्या घरघरीसाठी तो खाली काढला.

पुस्तकं वाचायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडले. सुरक्षेचा पहिला नियम होता: उच्च दाबाच्या सर्किटजवळ अंगावर धातू नको. अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवा. दुसरा नियम: चालू सर्किटमध्ये मोजमाप करताना एक हात खिशात ठेवा, म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाणार नाही.

आता हे नियम बाईच्या अंगावर घालून बघा. वाकून काम करताना मंगळसूत्र पुढं लोंबतं आणि त्याच्या वाट्या नेमक्या सव्वातीनशे व्होल्टवर टेकू शकतात. काचेच्या बांगड्यांतून वीज जात नाही, पण पाटल्यांतून, जोडव्यांतून जाते. मी गळ्यातलं काढून डबीत ठेवलं आणि कामाला बसले. सासूबाईंनी पाहिलं. "काय गं, गळा मोकळा ठेवून काय करायलीस? कुणी बघितलं म्हणजे?" मी त्यांना शेजारी बसवून मीटरचा काटा दाखवला. इथं हे टेकलं तर काय होईल, तेही सांगितलं. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "डबी माझ्याजवळ दे, हरवशील." ती परवानगी होती की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवसापासून डबी त्यांच्याकडे असते.

राहिला खिसा. साडीला खिसा नसतो आणि शिंपी बायकांच्या कुडत्याला तो लावत नाहीत. आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीकडून मी डाव्या बाजूला खोल खिसा शिवून घेतला. सुरक्षेचे नियम लिहिणाऱ्यानं डोळ्यांपुढे पुरुषच धरला होता. त्यात त्याचा दुष्टपणा नाही, तिथं बाई येईल हे त्याच्या मनातच आलं नाही. आपल्याला बाहेर ठेवायला फलक लावावा लागत नाही, तो असा.

सामान आणायला लातूरला गेले. एका दुकानदारानं यादी वाचली आणि म्हणाला, "ताई, साहेबांना पाठवा, उगाच चुकीचं न्याल." यादी मीच केली आहे म्हटल्यावर त्यानं एका रोधकाचे रंग वाचायला सांगितले. पिवळा, जांभळा, नारिंगी. सत्तेचाळीस हजार ओहम. मग सामान काढलं. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पोराची परीक्षा मात्र त्यानं घेतली नाही.

माझा पहिला अँप्लिफायर वाजला, पण घरघर त्यातही नव्हती. व्हॉल्व्ह आणि हेडफोन यांच्यामध्ये मी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला होता. ३२ ओहमच्या हेडफोनला तो फार लहान पडतो. साधारण ५०० हर्ट्झच्या खालचा आवाज तो अडवतो, आणि जात्याची घरघर, तबल्यातला डग्गा, हे सगळं त्याच्या खालीच. शिवाय हिशेब करताना एक धोका लक्षात आला. तोच कपॅसिटर आतून खराब झाला तर उच्च दाब थेट कानाशी येईल. म्हणून ती रचनाच सोडून दिली आणि रेडिओतला मूळचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर वापरला. त्याच्या दोन गुंडाळ्यांमध्ये तारेचा संबंध नसतो, त्यामुळे दाब पलीकडेच राहतो. हेडफोनची बाजू अर्थला जोडली.

मग गुणगुण ऐकू येऊ लागली. दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांशेजारी एकाच दिशेला बसवले होते. एक काटकोनात फिरवला आणि गुणगुण निम्म्याहून कमी झाली. सगळ्या अर्थच्या तारा एकाच बिंदूवर आणल्या, उरलेली जवळजवळ गेली. झटक्याचं कारण ठरलेल्या कपॅसिटरवर ४७ हजार ओहमचे दोन रोधक ओळीनं कायमचे जोडले. प्लग काढल्यावर मिनिटभरात साठलेली वीज त्यातून उतरते. आधी मी तिथं अर्ध्या वॉटचा एकच रोधक लावला होता, तो तापून काळा पडला. आता दोन-दोन वॉटचे आहेत. तरीही हात घालण्याआधी मीटरनं मोजल्याशिवाय पुढं जायचं नाही आणि घरात दुसरं माणूस असल्याशिवाय बसायचं नाही, हे दोन नियम मी मोडत नाही.

भीती आणि काळजी यांतला फरक मला इथं कळला. भीती सांगते, हात लावू नकोस. काळजी सांगते, कुठं लावायचा नाही, का नाही आणि किती वेळानं लावायचा. आपल्याला पिढ्यान् पिढ्या भीती दिली गेली आणि तिचं नाव काळजी ठेवलं गेलं.

त्या भीतीनं आपण वाचलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण घरात विजेला सर्वांत जास्त हात कुणाचा लागतो? ओल्या हातानं मोटार चालू करते ती बाई. पत्र्याच्या कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतते ती बाई. हीटरची कॉइल, इस्त्री, मिक्सर, सगळं तिच्याकडेच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो. त्या कूलरला तीन पिनांचा प्लग असतो आणि तिसऱ्या पिनेला अनेकदा तारच जोडलेली नसते. हे बघायला मोठी विद्या लागत नाही. पण आमच्या गटातली एक मावशी म्हणाली ते खरं आहे: "फ्यूज गेला तर शेजारच्या पोराला बोलवावं लागतंय, आम्हाला कुठं काय ठावं?" ते शेजारचं पोरही कुठल्या वर्गात शिकलेलं नसतं. त्यानं खेळता खेळता दोन रेडिओ खोलून बिघडवलेले असतात, इतकंच. म्हणजे त्याचं ज्ञान त्याच्या हौसेतून आलं. हौसेला लागणारा रिकामा वेळ, थोडे पैसे आणि बिघडवण्याची मुभा, यातलं काहीच मुलीच्या वाट्याला येत नाही.

बायकांच्या हातांना हे काम जमत नाही, असं तर कुणी म्हणूच नये. मुंबईचं सीप्झ १९७३ मध्ये सुरू झालं तेव्हापासून तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत जोडणीला मुख्यतः बायकाच बसल्या. त्यांची बोटं नाजूक आणि चपळ असतात, असं कारण दिलं गेलं. डायान एल्सन आणि रुथ पिअर्सन यांनी १९८१ च्या लेखात या युक्तिवादाची चिरफाड केली. ही चपळाई जन्मजात नसून घरात शिवण-टिपण करताना फुकट मिळालेलं प्रशिक्षण आहे आणि फुकट मिळालं म्हणून त्याची किंमत कमी धरली जाते, असं त्यांनी दाखवलं. पट्ट्यावर बसलेल्या बाईला डाग द्यायला शिकवतात, सर्किट काय करतं ते सांगत नाहीत. हात तिचा आणि समज दुसऱ्याची, ही विभागणी निसर्गानं केलेली नाही. तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजमध्ये शाळेत न गेलेल्या खेड्यातल्या बाया रंगांवरून रोधक ओळखून सौर दिव्यांची सर्किटं जोडतात आणि दुरुस्तही करतात. आपल्या जिल्ह्याकडे बघा. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात महिला मंडळांच्या बायका संवाद सहायक झाल्या आणि भूकंपात टिकणारं बांधकाम म्हणजे काय हे गावाला समजावू लागल्या. त्याआधी सिमेंट हा विषयही पुरुषांचाच होता.

आता आपल्या चळवळीबद्दल थोडं. आपण प्रशिक्षणं पुष्कळ घेतली. शिवण, पापड, शेळीपालन, ब्युटी पार्लर, क्वचित मोटार रिवाइंडिंग. प्रत्येकाच्या प्रस्तावात एक रकाना असतो: यातून किती उत्पन्न मिळेल? बाईनं शिकायचं ते कुटुंबाला चार पैसे मिळावेत म्हणून, ही अट घरानं घातली होती, ती आपण संस्थांनीही उचलून धरली. गरिबी खरी आहे, उत्पन्नाचा प्रश्न मी लहान मानत नाही. पण ज्या शिकण्यातून काहीच मिळत नाही असं शिकण्याचा हक्क बाईला आहे का, हा प्रश्न आपण कधी चर्चेला घेतला? माझ्या अँप्लिफायरमधून एक रुपया मिळालेला नाही, उलट गेलेच. एका सहकाऱ्यानं विचारलं, "याचा समाजाला उपयोग काय?" क्रिकेट खेळायला निघालेल्या त्याच्या मुलाला तो हा प्रश्न विचारत नाही.

आणखी एक गोष्ट हेडफोन लावल्यावरच कळली. कान झाकलेल्या बाईला हाक ऐकू येत नाही. पहिल्या आठवड्यात घरात यावरूनच सर्वांत जास्त कुरबूर झाली. खर्चावरून नाही, झटक्यावरून नाही, मी अर्धा तास हाकेला ओ देत नव्हते यावरून.

म्हणून माझी सूचना दोन पदरी आहे. प्रत्येक गटानं बचतीतून एक मल्टिमीटर घ्यावा. पुढच्या बैठकीत कूलरच्या प्लगची तिसरी पिन कूलरच्या पत्र्याला जोडलेली आहे का ते प्लग काढून तपासायला शिकावं, पाणी भरण्याआधी प्लग काढायची सवय लावावी, ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारं यंत्र घराच्या बोर्डावर बसवून घेण्याचा आग्रह धरावा. ज्यांना पुढं जावंसं वाटेल त्यांनी नऊ व्होल्टच्या बॅटरीपासून सुरुवात करावी. उच्च दाबाकडे जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय वळू नये. आणि दुसरं, महिन्यातली एक बैठक उत्पन्नाचा रकाना नसलेल्या शिकण्यासाठी राखून ठेवावी. काय शिकायचं ते बायकांनी ठरवावं. बिघडलं तर बिघडू द्यावं.

जात्याची घरघर मला मे महिन्याच्या एका रात्री ऐकू आली. शेजारी सासूबाई जाग्या होत्या. हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि थोड्या वेळानं त्यांचा हात मांडीवर गोल फिरू लागला. त्या रात्री दुसऱ्या खोलीतून कुणीतरी पाणी मागितलं. आम्ही दोघीही उठलो नाही.