पडद्यावरील तारीख आणि शेतकऱ्याची मुदत

शेतकऱ्याचा कागद आतां बासनांतून निघून मोबाईलच्या पडद्यावर आला आहे. सातबाराचा उतारा, फेरफाराची नोंद, पीकपाहणी, विम्याचा अर्ज, उसाची नोंद, बाजारसमितीचे भाव हें सर्व तेथें पाहावयास मिळतें, आणि ही सोय मोठीच आहे यांत शंका नाहीं. आमचा आक्षेप त्या सोयीवर नसून पडद्यावर तारीख व वेळ ज्या रीतीनें दाखविण्यांत येते तिजवर आहे. हा विषय कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यानें महसूल खात्यांत वर्षानुवर्षें आवक-जावक बारनिशी लिहिली आहे त्यास तो तसा वाटणार नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणें जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखालील अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील करण्यास साठ दिवसांची मुदत आहे. एकसष्टाव्या दिवशीं कागद गेला तर आधीं विलंब माफ करून घेण्याची खटपट करावी लागते, मग मूळ गाऱ्हाण्याची गोष्ट. अशा ठिकाणीं तारीख वाचण्यांत घोटाळा झाला तर त्याचा भुर्दंड ॲप करणारास बसत नाहीं, खातेदारास बसतो.

उदाहरणादाखल ‘११/०८/२०२४’ ही तारीख घ्या. आपल्याकडे दिवस आधीं व महिना मागून लिहितात. अमेरिकेंत महिना आधीं लिहितात. ॲप तयार करण्याचीं साधनें पुष्कळशीं अमेरिकन रीतीचीं, आणि मोबाईलची भाषाही पुष्कळदां ‘इंग्रजी (अमेरिका)’ अशीच राहून गेलेली असते. त्यामुळें एकच तारीख बापाच्या मोबाईलवर ११/०८ व मुलाच्या मोबाईलवर ०८/११ अशी दिसूं शकते, आणि कोणती रीत धरावयाची हें पडद्यावर कोठेंच लिहिलेलें नसतें. ऊसवाल्यांस याचा अर्थ सांगावयास नको. ११ ऑगस्टची लागण आडसाली, आणि ८ नोव्हेंबरची पूर्वहंगामी. कारखान्याची तोडणीची पाळी लागणीच्या नोंदलेल्या तारखेवर लागते. तीन महिन्यांच्या या फरकानें उसाला तुरे येईपर्यंत वाट पाहाण्याची पाळी आली तर दोष कोणाचा? तेराव्या तारखेपासून पुढें हा घोटाळा होत नाहीं, कारण तेरावा महिना नाहीं. (अधिक मासाचें प्रकरण निराळें.) परंतु प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखा मिळून १४४ होतात, त्यांतून १/१, २/२ अशा बारा वजा केल्या तरी वर्षाकाठीं १३२ दिवस असे उरतात कीं ज्यांची तारीख नुसत्या आंकड्यांवरून दोन प्रकारें वाचतां येते.

यावर उपाय शोधण्यास विलायतेस जावयास नको. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकीं व अक्षरीं अशी दोन्ही प्रकारें लिहितात. खरेदीखत लिहिणारा ‘आज दिनांक ११ माहे ऑगस्ट सन २०२४ वार रविवार ते दिवशीं’ असें लिहून मगच पुढें जातो. लग्नपत्रिकेंत तर मिती, शक, वार, इंग्रजी तारीख, आणि ‘सकाळीं’ किंवा ‘सायंकाळीं’ हा शब्द घालून घटका-मिनिटांपर्यंत वेळ दिलेली असते. म्हणून शंभर कोसांवरचा पाहुणाही वेळेवर मांडवांत हजर होतो. यांतील वार तर फारच उपयोगी. ११ ऑगस्ट २०२४ रोजीं रविवार होता, ८ नोव्हेंबरला शुक्रवार. तारीख चुकली तर वार ताबडतोब चुगली करतो. आमचें मागणें इतकेंच कीं पडद्यावर महिना अक्षरांत असावा, सन चारी आंकड्यांत असावें, आणि जेथें मुदतीचा प्रश्न असेल तेथें वारही असावा.

या धंद्यांतील जाणत्या लोकांचें म्हणणें असें पडतें कीं आंकडे क्रमानें लावण्यास सोपे जातात व सर्व भाषांस चालतात. तें खरें आहे. सन, महिना, दिवस या क्रमानें तारीख लिहिण्याचा ‘आयएसओ ८६०१’ नांवाचा जागतिक दंडक १९८८ सालींच प्रसिद्ध झाला, व यंत्राच्या पोटांत तारीख त्याच क्रमानें साठवावी हें योग्यच. पण कोठारांतील थप्पी आणि पानांतील वाढप यांची रीत एक असण्याचें कारण नाहीं. महिन्यांचीं व वारांचीं मराठी नांवें युनिकोडच्या ‘सीएलडीआर’ या सार्वजनिक संग्रहांत तयार आहेत. करणारास तीं नुसतीं मागून घ्यावयाचीं आहेत. पडद्यावर जागा अपुरी पडते ही सबब तर आम्हांस मुळींच पटत नाहीं. जाहिरातीस जागा मिळते, ‘ऑगस्ट’ या शब्दास मिळत नाहीं काय?

‘३ तासांपूर्वीं’, ‘काल’, ‘२ दिवसांपूर्वीं’ अशी वेळ दाखविण्याची एक नवी चाल पडली आहे. गप्पागोष्टींच्या निरोपास ती ठीक. परंतु कांद्याच्या भावाचा पडदा कोणी टिपून व्हॉट्सॲपवर पाठवितो, तो चार गटांतून फिरत तिसऱ्या दिवशीं आपल्याकडे पोहोंचतो, आणि त्यावर ‘३ तासांपूर्वीं’ हे शब्द जसेच्या तसे असतात. हें पाहून जो गाडी भरील त्याचें काय होईल हें लिहावयास नको. असे शब्द घालावयाचेच असतील तर खऱ्या तारखेच्या शेजारीं घालावेत, तिच्या जागीं घालूं नयेत.

वेळेची गोष्ट याहूनही नाजूक आहे. ‘३१ जुलै रात्रीं १२ पर्यंत’ असें वाचून किती लोक निश्चयानें सांगतील कीं हे बारा ३१ तारीख लागतांनाचे कीं सरतांनाचे? पंचांगाचा वार सूर्योदयास बदलतो, त्यामुळें आपल्या खेड्यांत पहाटेचे तीन ही अद्याप आदल्या दिवसाचीच रात्र समजतात. त्यांतून ‘१२:०० एएम’ म्हणजे मध्यरात्र व ‘१२:०० पीएम’ म्हणजे दुपार, हें इंग्रजी शिकलेल्यासही चटकन सांगतां येत नाहीं. मग विजेच्या पाळीप्रमाणें मोटार चालू करणारानें काय करावें? ‘बुधवार, ३१ जुलै २०२४, रात्रीं ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत’ असें लिहिलें म्हणजे वादच मिटतो. प्रधानमंत्री पीकविमा योजनेंत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आंत देण्याची अट घालण्यांत आली. जेथें तास मोजावयाचे तेथें पोचेवर नुसती तारीख देऊन भागत नाहीं, घटका-मिनिटें हवींत.

शिवाय ही वेळ कोठची? आपल्या देशांत प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबई शहरांत १९५५ पर्यंत ‘मुंबई टाइम’ चालू होता व तो ३९ मिनिटें मागें असे. म्हणून जुन्या लग्नपत्रिकांत वेळेपुढें ‘स्टँ. टा.’ असें छापीत. तो घोळ गेला, दुसरा आला. सर्व्हरवर वेळ बहुधा जागतिक वेळेप्रमाणें साठवितात, आणि ती आपल्याहून साडेपांच तास मागें आहे. दाखवितांना हे साडेपांच तास मिळविण्यास कोणी विसरला तर १ ऑगस्टला पहाटे दोन वाजतां केलेली नोंद ३१ जुलैला रात्रीं साडेआठ वाजतां केलेली दिसते. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतें. म्हणजे दिवस तर बदललाच, वर्षही मागलें झालें. दिवसां सर्व्हर अडतो म्हणून रात्रीं जागून अर्ज भरणाराच नेमका यांत सांपडतो.

पावसाच्या आंकड्यांतही असेंच. हवामान खातें पाऊस सकाळीं साडेआठ वाजतां मोजतें आणि मागील चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर मांडतें. शेतकरी म्हणतो पाऊस दहाच्या रात्रीं झाला, पडदा म्हणतो अकरा तारखेस झाला. दोघेही खरे आहेत. फक्त ‘सकाळीं ८-३० पर्यंतच्या २४ तासांचा’ हे शब्द आंकड्याजवळ पाहिजेत.

कधीं कधीं पडद्यावर ‘०१/०१/१९७०’ ही तारीख दिसते. तिला भिण्याचें कारण नाहीं. यंत्रांचें कालमोजमाप त्या दिवसापासून सुरू होतें, व तारखेचा रकाना रिकामा असला कीं पुष्कळदां तीच उमटते. मात्र आमच्या कचेरींत रिकाम्या रकान्यांत आडवी रेघ मारण्याची शिस्त होती. खोटी तारीख भरण्यापेक्षां ती बरी. तसेंच ‘वर्ष २०२४-२५’ असें मोघम लिहूं नये. महसुली वर्ष ऑगस्टपासून, आर्थिक वर्ष एप्रिलपासून, साखरेचा हंगाम ऑक्टोबरपासून. यांपैकीं कोणतें, तें सांगावें.

ही सुधारणा होईल तेव्हां होवो. तोंपर्यंत शेतकरी बंधूंनीं मोबाईलच्या सेटिंगमध्यें भाषा ‘मराठी (भारत)’ किंवा ‘इंग्रजी (भारत)’ आहे कीं नाहीं हें घरांतील शिकत्या मुलाकडून पाहून घ्यावें, आणि अर्जाची पोच छापून घेतली कीं त्याच दिवशीं तिच्या कोपऱ्यांत आपल्या हातानें महिना अक्षरीं, वार व वेळ लिहून सही करून ठेवावी.