तलावांच्या मुलखांत दोघें

उन्हाळ्याची सुटी लागली कीं एकत्र कुटुंबांत जाण्यायेण्याचे बेत सुरू होतात. कोणी आजोळीं जातें, कोणी माहेरीं, कोणी मुंजी-लग्नांना. आणि जें कोणी घरीं राहतें त्याच्या वांट्याला पापड, कुरडया, लोणचीं आणि पाहुणे येतात. या धांवपळींत घरांतील एखाद्या जोडप्याला "आम्ही दोघेंच आठ दिवस कुठें तरी जाऊन येतों" असें म्हणण्याचा धीर क्वचितच होतो. असें म्हणणें म्हणजे घराशीं कांहीं तरी फितुरी करणें, अशी एक समजूत आपल्यांत अजून आहे. वडील मंडळी उघड नाहीं म्हणत नाहींत, पण "एवढीं माणसें घरांत असतांना दोघांनींच काय जायचें?" हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेंच. तो हसण्यावारी नेणें बरें नव्हे. त्यांत तथ्य किती आणि संवय किती, हें नीट पाहिलें पाहिजे; आणि तें आम्ही या महिन्यांत एका प्रवासाच्या निमित्तानें पाहणार आहों.

निजण्याची, स्वयंपाकाची व पाण्याची सोय असलेल्या मोटारीला कॅम्पर किंवा कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या प्रवासासाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें, आणि आतां आपल्याकडेही ती भाड्यानें मिळते. गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं उभयतांनीं अशीच एक गाडी घेऊन नागपुराहून रामटेक, तुमसर, चिखला, चांदपूर, साकोली व नवेगांवबांध असा आठ दिवसांचा फेरा केला. घरीं वर लिहिलेला प्रश्न निघालाच होता. त्याचें उत्तर न देतांच आम्ही निघालों; उत्तर वाटेंत सांपडलें.

तलावांचा मुलूख म्हटल्याबरोबर शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें इंग्लंडचा वायव्येकडील डोंगराळ भाग येतो. त्या भागांत वर्ड्स्वर्थ राहिला, आणि १८४४ सालीं तेथें आगगाडी आणण्याचें घाटत होतें तेव्हां त्यानें तिला कसून विरोध केला, हेंही कित्येकांना ठाऊक असतें. परंतु नागपुराच्या पूर्वेस दोन तासांच्या वाटेवर आपला स्वतःचा सरोवरप्रांत आहे, हें आपल्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक. इंग्रजी अमदानींतल्या गॅझेटियरकारांनीं भंडारा जिल्ह्याचें वर्णन नागपूरकडील तलावांचा प्रदेश असेंच केलेलें आहे. दोहोंत एक मोठा फरक आहे. तिकडचीं सरोवरें हिमनद्यांनीं खोदलेलीं. इकडचे तलाव माणसांनीं बांधलेले. तिकडे निसर्गाची कृपा, इकडे कुदळ, टोपली आणि पिढ्यान् पिढ्यांचा घाम.

या भागाला झाडीपट्टी म्हणतात. येथें पाऊस पुष्कळ पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो; आणि येथलें पीक म्हणजे धान. धानाला नुसता पाऊस पुरत नाहीं, पाय बुडण्याइतकें पाणी शेतांत उभें राहावें लागतें. भाद्रपद-आश्विनांत पावसानें ओढ दिली कीं निसवण्याच्या वेळीं पीक हातचें जातें. म्हणून उताराची जमीन पाहून आडवा मातीचा बांध घालायचा, पावसाचें पाणी अडवायचें, आणि ओढ पडेल तेव्हां तें खालच्या बांध्यांत सोडायचें, ही येथली जुनी विद्या. गोंड राजांच्या अमदानींत तलाव बांधणाराला त्याच्या पाण्यानें भिजेल ती जमीन देण्याची चाल होती. कोहळी जातीच्या लोकांनीं या कामांत मोठें नांव मिळविलें. त्यांच्या भाषेंत बांध म्हणजे पार, पाणी सोडण्याची मोरी म्हणजे तुडूम, आणि जादा पाणी निघून जाण्याची वाट म्हणजे सलंग. हे तीन शब्द शिकलें कीं कोणत्याही तलावावर उभें राहून तो जिता आहे कीं मरणाच्या वाटेवर आहे, हें ओळखतां येतें. पारेवर झाडोरा माजला, तुडूम बुजलें आणि सलंग फुटली, कीं मग वर कमळें कितीही फुलोत.

तुमसराहून उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याकडे वळलें कीं रस्त्याची धूळ हळूहळू काळी होऊं लागते. हा चिखल्याचा मुलूख. गांवाच्या नांवांत चिखल असला तरी वैशाखांत तेथें धूळच. ही मँगनीजची भूमि आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथलें खनिज उकरून परदेशीं जाऊं लागलें. पुढें १९६२ सालीं 'मॉइल' ही कंपनी स्थापन होऊन जुन्या इंग्रजी कंपनीच्या खाणी तिच्याकडे आल्या. चिखल्याची खाण जमिनीखालची, तर शेजारच्या डोंगरी बुजुर्गची उघडी. पोलाद घट्ट व्हावें म्हणून मँगनीज लागतें. आणि डोंगरी बुजुर्गच्या खनिजाचा कांहीं भाग विजेच्या कोरड्या बॅटऱ्यांत जातो. म्हणजे आपल्या देवघराशेजारीं फळीवर ठेवलेल्या टॉर्चमध्यें झाडीपट्टीची चिमूटभर माती असूं शकते. तुमसराहून तिरोडीकडे जाणाऱ्या आगगाडीच्या फांट्यालाही या खनिजानेंच काम दिलें. वर्ड्स्वर्थच्या सरोवरप्रांतांत आगगाडी प्रवाशांसाठीं येत होती. आमच्या सरोवरप्रांतांत ती दगडासाठीं आली.

चिखल्याजवळ सकाळीं पाणी भरण्यासाठीं आम्ही एका हातपंपाशीं थांबलों. गाडीच्या टांकींत शंभर लिटर पाणी मावतें, व तें आम्हांला दीड दिवस पुरे. पंपाशीं दोन गुंड घेऊन उभी असलेली एक बाई तें भरणें शांतपणें पाहत होती. शेवटीं तिनें विचारलें, "दोघाइलेच येवढा पानी लागते का जी?" तिच्या आवाजांत राग नव्हता, खरोखरीचें आश्चर्य होतें. तिच्या घरीं सहा माणसें होतीं, आणि दिवसाच्या तिच्या चार खेपा होत्या. पुढचे सहा दिवस आम्हीं त्या टांकीवर खुणेची रेघ ओढून पाणी वापरलें, आणि तेंच शंभर लिटर तीन दिवस पुरलें. कॅम्परचें सुख म्हणून जें सांगतात त्यांत ही गोष्ट कोणी सांगत नाहीं. बंगल्यांत नळ सोडतांना पाणी कोठून येतें हें दिसत नाहीं. चाकांच्या घरांत तें दिसतें.

चांदपूरचा जलाशय तुमसर तालुक्यांतच आहे. तो मालगुजारांचा नव्हे. इंग्रजी अमदानींत सरकारनें बांधलेला. टेकडीवर हनुमंताचें देऊळ, आणि खालीं वैशाखानें आटत चाललेलें पाणी. उन्हाळ्यांत तलाव पाहूं नये, तो पावसाळ्यानंतर पाहावा, असें कोणी म्हणेल. आमचें मत उलट आहे. भरलेला तलाव सगळ्यांनाच सुंदर दिसतो; पण त्याची रचना, त्याचा गाळ, त्याच्या कांठचीं माणसें आणि त्यांची गरज हीं उन्हाळ्यांतच दिसतात. पाणी मागें सरकतें तसतशी ओल्या मातींत भाजी लावणारीं माणसें, गुरें धुणारीं मुलें, आणि जाळें विणीत सांवलींत बसलेले ढीवर दिसूं लागतात.

साकोलीवरून आम्ही नवेगांवबांधला गेलों. हा भाग पूर्वी भंडारा जिल्ह्यांतच होता. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हां तो तिकडे गेला. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें डोंगरांच्या मधल्या खिंडी बांधून हा विस्तीर्ण तलाव केला. लोकांनीं त्याला देवपण दिलें. कोलासुर या नांवानें तो पूजिला जातो. लढाया जिंकल्याबद्दल देव झालेले पुरुष पुष्कळ; पाणी अडविल्याबद्दल देव झालेला हा एखादाच. श्री. मारुती चितमपल्ली यांनीं वनाधिकारी म्हणून याच रानांत कित्येक वर्षें काढलीं, आणि येथल्या पक्ष्यांची व माणसांची ओळख मराठी वाचकांना करून दिली. २०२५ सालीं ते निवर्तले. महाराष्ट्रांत सारस पक्षी आतां मुख्यत्वें गोंदिया जिल्ह्यांत उरला आहे. नर-मादी जन्माची जोडी करून राहतात, हें सर्वांस ठाऊक असतें. पण त्यांना घरट्यासाठीं उथळ पाणी, देवधान आणि धानाचे बांधे लागतात, हें फारसें कोणी सांगत नाहीं. जोडी टिकते ती भोंवतालचें पाणी टिकतें म्हणून.

आतां जें सांगावयाचें तें याच पाण्याविषयीं. पूर्व विदर्भांत असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. त्यांना माजी मालगुजारी, आणि आद्याक्षरांवरून लाडानें 'मामा तलाव' म्हणतात. मालगुजार हा गांवाचा मालक. तलावाचें पाणी कोणाला, केव्हां, कसें, हें गांवच्या वाजिब-उल-अर्जांत लिहिलेलें असे, आणि दुरुस्तीचें काम सगळें गांव करीत असे. मालगुजारी चांगली होती असें आम्ही म्हणत नाहीं. तींत जुलूमही होता, आणि ती गेली हें योग्यच झालें. १९५० च्या कायद्यानें मालगुजारांचे हक्क संपले आणि १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. पण पुढें काय झालें? पाण्यावर कर बसला. पूर्वापार फुकट पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांनीं तो नाकारला. आणि गाळ काढावा कोणी, पार बांधावी कोणी, हें कोणाचेंच काम राहिलें नाहीं. तलाव सगळ्यांचे झाले आणि म्हणून कोणाचेच राहिले नाहींत. कित्येक गाळानें भरले, कित्येकांत बेशरम माजली, आणि गांवठी मासे कमी झाले. अलीकडे कांहीं गांवांत ढीवर स्त्रियांनीं पुढाकार घेऊन बेशरम उपटली, पाणवनस्पति लावल्या, गांवठी मासे परत आणले. ज्यांच्या नांवानें सातबारा नाहीं त्यांनीं तलाव आपला म्हटला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

एकत्र कुटुंबही असेंच एक सामायिक तळें आहे. पाणी सगळेच पितात. पार कोण बांधतें? पूर्वी तें काम कर्त्या पुरुषाच्या धाकानें आणि घरांतील स्त्रियांच्या कष्टानें होत असे. आतां धाक गेला, आणि तो गेला हेंही योग्यच. पण कष्ट मात्र पुष्कळ घरांत अजून त्याच दोन-तीन बायकांकडे राहिले आहेत. घर सगळ्यांचें म्हणतां म्हणतां स्वयंपाकघर एकीचें होतें. अशा घरांतून एखादें जोडपें आठ दिवस बाहेर पडलें तर घर फुटत नाहीं. उलट घरांतली कोणती गोष्ट कोणाच्या जिवावर चालली आहे, हें त्या आठ दिवसांत कळतें. "दोघांनींच काय जायचें?" या प्रश्नाचें खरें रूप असें आहे: "तुम्ही गेल्यावर तुमचें काम कोण करणार?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर जाण्यापूर्वी दिलें पाहिजे. धाकट्या दिरानें भाजी आणावी, सासऱ्यांनीं दूध तापवावें, नातवंडांनीं पानें घ्यावींत. आणि पुढच्या खेपेस दुसऱ्या जोडप्यानें जावें, आपण घर सांभाळावें. सासू-सासरेही जोडपेंच आहेत, हें आपण विसरतों. त्यांचीही पाळी आली पाहिजे. आणि आमच्या मतें ती पहिली आली पाहिजे.

ज्यांना हा प्रवास करावयाचा आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द. चैत्राच्या शेवटीं किंवा वैशाखाच्या आरंभीं जावें; नवतपा लागण्याच्या आंत घरीं यावें, कारण विदर्भाच्या मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर सहज जातो, आणि पत्र्याची गाडी दुपारीं भट्टी होते. पहांटे निघून दहाच्या आंत मुक्काम गांठावा, गाडी झाडाखालीं लावावी, आणि संध्याकाळपर्यंत हालूं नये. सातूचें पीठ, पन्ह्याचा गर, मेतकूट, भाजलेलें जिरें आणि भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ, एवढ्यावर दोघांचें आठ दिवस उत्तम चालतें. स्वयंपाक एक दिवसाआड वाटून घ्यावा. नाहीं तर चाकांवरचें घर म्हणजे तिच्यासाठीं लहान जागेंतली तीच चूल. गाडी पारेवर कधींही चढवूं नये. मातीचा जुना बांध बैलगाडीसाठीं होता, तीन टनांसाठीं नव्हे. मुक्कामापूर्वी ग्रामपंचायतींत किंवा पोलीस पाटलांना विचारावें. व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलांत रस्त्याकडेला रात्र काढूं नये. आणि गाडींतलें सांडपाणी तलावांत सोडूं नये. त्याच पाण्यांत कोणाचे मासे आणि कोणाचीं गुरें असतात.

आपल्या लग्नविधींत वधूवरांना सात पावलें बरोबर चालवितात, आणि मग आयुष्यभर एकत्र चालण्याची सवड देत नाहीं. ती सवड काढणें हें घराविरुद्ध बंड नव्हे, तर घराची डागडुजी आहे. कोलू पाटलाचा बांध तीन शतकें उभा आहे, तो एकदां बांधला म्हणून नव्हे. दर उन्हाळ्यांत, पाणी खालीं गेलें कीं, कोणी ना कोणी त्यावर माती टाकीत आलें म्हणून.