निनावी तागे आणि फुकटचे बोधचिन्ह

भिवंडीला मँचेस्टरची उपमा देण्याची रीत जुनी आहे. उपमा देणाऱ्यांना मँचेस्टरच्या कापडाचा एक विशेष मात्र आठवत नाही. एकोणिसाव्या शतकात तिथून आपल्या बाजारात उतरणाऱ्या ताग्यांवर रंगीत छापील तिकिटे चिकटवलेली असत. कधी देवदेवता, कधी हत्ती, कधी वाघ. अक्षर न येणारे गिऱ्हाईकही ते चित्र ओळखून पुन्हा तोच माल मागे. भिवंडीच्या यंत्रमागांवरून उतरणारे कापड बहुतांशी ग्रे, म्हणजे कोरे. व्यापारी सूत देतो, लहान कारखानदार मजुरीवर विणतो, रंगाई-छपाई पुढे दुसरीकडे होते आणि नाव लागते शेवटच्या विक्रेत्याचे. विणणारा निनावीच राहतो.

साहित्यचर्चेच्या पानावर हा बाजाराचा विषय कशाला, असे विचारले जाईल. आमचे उत्तर असे, की नाममुद्रेचा विषय साहित्याचा नसेल तर कोणाचा? ‘तुका म्हणे’ ही मुद्रा आम्ही वर्गात तासतासभर समजावून सांगतो. कबीर तर जातीचा विणकर. त्याच्या पदांत त्याचे नाव विणलेले आहे. मग ज्या गावात विणकाम हाच व्यवसाय, तिथल्या लहान कारखानदाराने स्वतःच्या मालावर स्वतःची खूण उमटवावी, हा प्रश्न आम्हांला क्षुद्र वाटत नाही.

ही खूण करून घ्यायची म्हटली, की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला सल्ला : मोबाइलवर फुकट तयार होते, पैसे कशाला? तयार साच्यातून निघालेले मोराचे पीस किंवा दातेरी चाक शेकडो दुकानांच्या पाट्यांवर आधीच असते. जी खूण इतरांपासून वेगळी ओळखू येत नाही, तिला १९९९चा व्यापारचिन्ह कायदा नोंदणी नाकारू शकतो. फुकट मिळाली म्हणून ती ‘आपली’ होत नाही, एवढेच या सल्ल्यात सांगायचे राहून जाते.

दुसरा सल्ला अधिक घातक आहे : स्पर्धा लावा, पन्नास नमुने येतील, त्यांतला एक निवडा. या प्रथेला सरकारी प्रतिष्ठा लाभली आहे. रुपयाचे चिन्ह २०१० साली स्पर्धेतूनच आले. डी. उदय कुमार यांना अडीच लाखांचे पारितोषिक मिळाले; प्रवेशिका तीन हजारांहून अधिक होत्या. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाचे चष्म्याचे बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केले आणि पन्नास हजारांचे पारितोषिक मिळवले. या दोघांच्या गुणवत्तेविषयी आम्हांला आदरच आहे. आक्षेप आहे तो उरलेल्यांच्या श्रमाचे मोल शून्य धरण्याला. आपल्या मजुरीचा एक पैसा कापला गेला तरी चिडणारा कारखानदार एकोणपन्नास जणांकडून फुकट काम करून घेतो, तेव्हा व्यापारी त्याच्याशी जसा वागतो तसाच तो चित्रकाराशी वागत असतो.

मग थोड्या पैशांत करायचे काय? आमचे म्हणणे असे, की चित्र विकत घेऊ नका, अक्षर घ्या. रुपयाचे चिन्ह तरी काय आहे? शिरोरेषेचा मान राखणारा एक ‘र’. कमल शेडगे यांनी आयुष्यभर मराठी नाटकांची नावे अशी रेखाटली, की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाव वाचताच नाटकाचा पोत कळे. र. कृ. जोशी कवी होते आणि संगणकावरचा ‘मंगल’ हा टंकही त्यांचाच. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी टंक तर मुक्त परवान्यावर विनामूल्य उपलब्ध आहेत. असा टंक आधाराला घेऊन एखाद्या जाणत्या अक्षरकाराकडून नाव नीट बसवून घ्यावे. ते एकाच रंगात असावे आणि रबरी शिक्क्याने ताग्याच्या टोकावर उमटवले तरी वाचता यावे. ज्याला चार रंगांचा आणि सावल्यांचा आधार लागतो, ते कापडावर टिकत नाही.

उरलेले पैसे कागदासाठी ठेवावेत. पैसे चुकते केले म्हणजे प्रताधिकार आपोआप आपल्याकडे आला, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. १९५७च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. व्यापारचिन्हाच्या नोंदणीसाठी २०१७च्या नियमांनी व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये ठेवले आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण होते.

राज्यात २०२२च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही देवनागरी पाटी बंधनकारक झाली. कायद्याने अक्षराचा आकार ठरवला. त्याचे रूप कोण ठरवणार? मराठीच्या अभ्यासक्रमात लिपीचा इतिहास असतो. पण अक्षराचे सौंदर्य, त्याचे वळण आणि वजन यांना त्यात जागा नाही. भाषेच्या अस्मितेवर परिसंवाद भरवणारे विभाग ही गोष्ट फ्लेक्स छापणाऱ्यावर सोपवून मोकळे झाले आहेत. पाटीवरची मराठी हीही मराठीच असते, आणि ज्यांच्या हाती पुस्तक जात नाही त्यांच्या वाट्याला तर तीच येते. ती कशी दिसते याची चिंता आम्ही भाषेच्या शिक्षकांनी वाहिली नाही, तर ती वाहण्याचे दुसऱ्या कोणाला काय कारण?