दहा मिनिटांची कोळंबी

पाककृतींच्या वाङ्मयाकडे आपल्या समीक्षकांचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही, ही आमची जुनी तक्रार आहे. निवेदकाने काय सांगितले यापेक्षा काय गाळले हे शोधण्याची ज्यांना खोड आहे, त्यांनी मध-लसणाच्या झिलईतील कोळंबीची कुठलीही कृती वाचावी. अमेरिकी घरांतून फार लोकप्रिय असलेला हा पदार्थ. शीर्षकात ‘दहा मिनिटांत’ ही ग्वाही, आणि साहित्याच्या यादीत पहिलीच ओळ : ‘अर्धा किलो कोळंबी, सोललेली, धागा काढलेली.’ या ओळीतील दोन धातुसाधितांत कर्ता कोठे गेला, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आम्हांला तो उशिरा पडला. घरी पाहुणे होते, आम्ही मोठ्या दिमाखात हा पदार्थ रांधला, खरोखर दहा मिनिटांत रांधला, आणि वाहवाही मिळवली. मातोश्री तेव्हा मोरीपाशी बोटांना लिंबाची साल चोळीत उभ्या होत्या. कोळणीकडून आणलेल्या दोन वाट्यांची डोकी मोडणे, कवचे उतरवणे, पाठीवर चीर देऊन काळा धागा ओढणे, यांत त्यांचा पाऊण तास गेला होता. त्याचा उल्लेख ना कृतीत होता, ना आमच्या बोलण्यात.

पदार्थाविषयी आमची तक्रार नाही. तो नीट केला तर उत्तम होतो. कोळंबी फडक्याने अगदी कोरडी टिपावी, तवा चांगला तापू द्यावा, आणि एकीवर एक न येईल अशी ती पसरावी. प्रत्येक बाजूस दीड मिनिट पुरे. करडी कोळंबी केशरी होते ती तिच्यातल्याच रंगद्रव्यामुळे. कच्चेपणी ते प्रथिनाला जखडलेले असते, उष्णतेने मोकळे होते. ती इंग्रजी ‘सी’सारखी वळली की काढावी, ‘ओ’ झाली की रबर झाले म्हणून समजावे. मग त्याच तव्यात लसूण, दोन चमचे मध, दोन चमचे सोया सॉस. बुडबुडे मोठे नि संथ होईपर्यंत आटवून त्यात कोळंबी पुन्हा घोळवली की तकाकी येते. सगळे एकदम ओतून उकळणाऱ्या कृती लिहिणाऱ्यांनी हा पदार्थ कधी खाल्ला असेल की नाही, याची आम्हांस शंका आहे.

मातोश्रींना त्रास नको म्हणून पुढच्या खेपेस आम्ही गोठवलेली, सोललेली पिशवी आणली. तव्यावर पडताच कोळंबीने पाणी सोडले, तळणे राहून ती शिजू लागली, आणि झिलईचा झाला रस्सा. पिशवीवरील बारीक अक्षरांत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट सापडले. त्यात भिजवलेली कोळंबी पाणी धरून ठेवते आणि वजनाला भरते. गंमत म्हणजे गोठवलेल्या कोळंबीवरील बर्फाच्या पातळ थरालाही त्या व्यवसायात ‘ग्लेझ’च म्हणतात. तो शीतगृहात मासळी सुकू नये म्हणून असतो, तेव्हा त्याला दोष देण्याचे कारण नाही. गिऱ्हाइकाने फक्त बर्फ वगळून वजन किती लिहिले आहे ते पाहावे.

पण ती सोलली कोणी? २०१५ साली असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहरांनी थायलंडमधील समुत साखोन येथील सोलण्याच्या शेडचा वृत्तांत दिला. म्यानमारहून आलेले मजूर, त्यांत मुलेही, कोंडून ठेवलेले, सोळा-सोळा तास बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलत होते, आणि ती अमेरिकेतील दुकानांत पोहोचत होती. त्या वर्षीच्या या वृत्तमालिकेला २०१६चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. आपल्याकडे व्हनामेई कोळंबीच्या संवर्धनाला २००९ मध्ये परवानगी मिळाल्यापासून आंध्रची किनारपट्टी या व्यापाराचे मोठे केंद्र झाली आहे, आणि तेथील प्रक्रिया कारखान्यांतही सोलण्याचे काम मुख्यतः बायकाच करतात. प्रत्येक ठिकाणी समुत साखोनच आहे, असे आम्ही म्हणत नाही. मात्र आमच्या घरच्या मोरीपाशी जी वजाबाकी झाली, तीच तिथेही होते.

यावर कोणी म्हणेल, तांदूळ तरी आपण कुठे कांडतो? बरोबर आहे. पण भाताची कृती कोणी ‘भात पिकवून दहा मिनिटांत’ अशा थाटात सांगत नाही. पिशवी घेऊ नये असेही आमचे म्हणणे नाही. नोकरीवरून परतलेल्या बाईने ती जरूर घ्यावी. कृती लिहिणाऱ्याने घड्याळ कोळंबीला पहिला हात लागतो तेथून लावावे, इतकेच.

आता आम्ही स्वतः सोलतो. डोक्याच्या काट्याने अंगठा दोनदा फाटला, धागा अर्ध्यात तुटतो, आणि किलोभर आणलेल्याचे निम्म्याच्या आसपास उरते. डोकी-कवचे उकळून त्या पाण्याचे सार होते, हा अनपेक्षित लाभ. गेल्या रविवारी तासाभराने परातीतून मान वर केली तेव्हा मातोश्री दारात उभ्या होत्या.

“झाली का रे तुझी दहा मिनिटं?”