विश्लेषण : बाळाचा ‘सीआरपी’ नॉर्मल, तरी अँटिबायोटिक का?

नवजात बाळाला ‘इन्फेक्शनची शंका आहे’ म्हणून डॉक्टर अँटिबायोटिक सुरू करतात. काही वेळाने सीआरपीचा रिपोर्ट नॉर्मल येतो. मग औषध कशासाठी, असा प्रश्न नातेवाईकांना पडतो. हा रिपोर्ट नेमकं काय सांगतो?

सीआरपी म्हणजे काय?

शरीरात दाह झाला की यकृत हे प्रथिन तयार करतं. पण संसर्ग सुरू झाल्यावर ते रक्तात वाढायला साधारण १० ते १२ तास लागतात. त्यामुळे पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी धोका टळला असं नसतं. उलट, अवघड प्रसूतीनंतर संसर्ग नसतानाही सीआरपी वाढू शकतो. म्हणूनच ही तपासणी पुन्हा करतात.

मग खात्री कशी होते?

ब्लड कल्चरने. रक्ताच्या नमुन्यात जंतू वाढतात का, हे यात पाहतात. त्यासाठी निदान १ मिलिलिटर रक्त लागतं आणि ते अँटिबायोटिकच्या आधी घ्यावं लागतं. नाहीतर जंतू असूनही सापडत नाही. निकालाला एक-दोन दिवस लागतात.

तोवर थांबता येत नाही का?

नाही. सेप्सिस म्हणजे रक्तात पसरलेला संसर्ग. त्यात नवजात बाळ काही तासांत गंभीर होऊ शकतं. म्हणून औषध आधी सुरू होतं. कल्चर निगेटिव्ह आलं आणि बाळ ठीक असेल, तर साधारण ३६ ते ४८ तासांनी ते बंद करता येतं.

बंद करणं इतकं महत्त्वाचं का?

दिल्लीतल्या तीन सरकारी रुग्णालयांचा अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. त्यात सर्वाधिक आढळलेल्या असिनेटोबॅक्टर या जंतूचे ८२ टक्के नमुने अनेक औषधांना दाद देत नव्हते. गरज नसताना दिलेलं अँटिबायोटिक ही अडचण वाढवतं.

पालकांनी काय पाहावं?

बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, अंग गार किंवा गरम लागतंय, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आहे, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय, यातलं एकही लक्षण दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा. ताप नसला तरी सेप्सिस असू शकतो. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाच्या तपासण्या, औषधं आणि उपचार सरकारी रुग्णालयात मोफत आहेत.

आणि डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : औषधाआधी कल्चर घेतलंय का?